तिसरा आधार

कोशाच्या कार्यालयात चौऱ्याऐंशी खण होते आणि त्यांतल्या एकाचीच मूठ काचेची होती. बाकीच्या मुठी लाकडी, हात लागून लागून काळ्या पडलेल्या. 'प'च्या तिसऱ्या खणाची मात्र हिरवट, बाटलीच्या काचेची, लिंबाएवढी. नवा माणूस कामाला आला की त्याची नजर पहिल्याच दिवशी तिच्यावर जाई आणि तो विचारी. बाई सांगत, "जुनी तुटली होती, म्हणून बसवली." यात खोटं काही नव्हतं. कोणी बसवली तेवढं त्या सांगत नसत.

बाई म्हणजे कोशाच्या मुख्य संपादक. पदवी रसायनशास्त्राची. कोशातले विज्ञानाचे शब्द पाहायला कोणीतरी हवं म्हणून चोविसाव्या वर्षी त्या इथे सहा महिन्यांसाठी आल्या, आणि आता एकोणसाठाव्या वर्षी त्याच खुर्चीवर, फक्त खिडकीजवळ सरकून, बसलेल्या होत्या. वजनकाट्यावर काम करायची सवय हाताला होतीच. ती शब्दांना लागू पडली.

कामाची रीत त्यांच्या गुरूंनी, म्हणजे मास्तरांनी, घालून दिलेली. प्रत्येक शब्दाची पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी. वर डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली अर्थ, त्याखाली वाक्य, आणि तळाशी आधार: कोणतं पुस्तक, कोणतं पान, कोणतं वर्ष. गावोगावचे वाचक अशा चिठ्ठ्या टपालाने पाठवत. एखाद्या अर्थाला तीन छापील आधार मिळाले की तो अर्थ कोशात जाई. नाही मिळाले की चिठ्ठी 'वगळलेले' या खणात पडे आणि पाठवणाऱ्याला छापील उत्तर जाई: 'आपण कळवलेल्या शब्दाबद्दल आभारी आहोत. छापील आधार अपुरे आहेत. तीन आधार मिळाल्यास खाली नोंदवून पाठवावेत.' खाली तीन आकडे आणि त्यांच्यापुढे तीन कोऱ्या ओळी. फाडून टाकायचं मात्र काहीच नाही. मास्तर म्हणत, "आज चूक वाटतं ते उद्या आपलीच चूक ठरतं. ठेवा."

मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली होती. कोशाची दुसरी आवृत्ती निघत होती आणि नव्या समितीने एक नियम सैल केला होता. आता बोलण्यातला वापरही एक आधार म्हणून धरायचा, मात्र बोलणाऱ्याचा व्यवसाय ठाऊक हवा आणि त्याची, किंवा त्याच्या घरच्या कोणाची, संमतीची सही हवी. त्यामुळे 'वगळलेले'चे खण पुन्हा उपसायचं काम निघालं. ते काम मुद्रितशोधकाकडे होतं. पन्नाशीचा, जाडजूड, गडगडाटी आवाजाचा माणूस. छपाईतली एकही काना-मात्रा त्याच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून सगळे त्याला कानामात्रा म्हणत, आणि तोही फोन उचलून "कानामात्रा बोलतोय" असंच सांगे.

सोमवारी सकाळी तो चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बाईंच्या टेबलाशी आला. 'प'चा शेवटचा फर्मा शुक्रवारी छपाईला जायचा होता.

"बाई, हे ऐका. कोण्या शहाण्याने वगळलंय देव जाणे." त्याने चष्मा कपाळावर चढवला. "'परागंदा. अर्थ: काच फुटली की तुकडे चौफेर जातात, तसे. वाक्य: नऊ दिवसांत सगळी लाईन परागंदा झाली, कोण कुठे पडला कोणालाच ठाऊक नाही. आधार: स्वतः.' स्वतः! ऐकलंत? पुस्तक नाही, पान नाही, स्वतः! वा रे पठ्ठ्या! आणि खाली लाल शाईत, 'छापील आधार नाही. वगळावा.' काय कडक इसम असेल हो."

"माझं अक्षर आहे ते," बाई म्हणाल्या.

कानामात्राने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "तरीच. वेलांट्या कशा शिस्तीत उभ्या आहेत." मग त्याचा आवाज थोडा उतरला. "तेव्हाचा नियमच होता म्हणा."

"नियम होता."

त्याने पहिल्या आवृत्तीचा खंड ओढून पान उघडलं. "इथे काय दिलंय आपण? 'परागंदा: देश सोडून पळालेला, फरारी.' आणि व्युत्पत्ती? 'फारसी. मूळ अर्थ विखुरलेला.' आता हे कसं काय? मुळात बिचारा नुसता विखुरलेला होता, आपल्याकडे पोचेस्तोवर फरारी कसा झाला? वाटेत काय चोरी केली त्याने?"

"आपले तिन्ही आधार जुन्या सरकारी कागदांतले होते. अमुक वस्ती परागंदा, शोध घ्यावा. अमुक इसम परागंदा, हजर करावा." बाई नेहमीसारख्याच हळू बोलत होत्या. "कागद लिहिणारा मागे राहिलेला असतो. ज्याला माणूस शोधून आणायचाय तो विखुरला असं लिहीत नाही. पळाला असंच लिहितो."

"आणि गेलेले काही लिहीत नाहीत."

"एकाने लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "तेच तुमच्या हातात आहे."

"कोण हा?"

"माझा भाऊ."

कानामात्रा चिठ्ठी टेबलावर ठेवून, काही न बोलता, आपल्या जागेवर जाऊन बसला. त्याच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

*

दादा बाईंपेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आई-वडील लवकर गेले, तेव्हा चौदाव्या वर्षी तो काचेच्या कारखान्यात नळी फुंकायला लागला. लोखंडी नळीच्या टोकाला तापलेल्या काचेचा गोळा घ्यायचा आणि गाल फुगवून त्याची बाटली करायची, दिवसाला शेकड्यांनी. त्या फुंकेवर बहिणीचं कॉलेज झालं. "तुझी पदवी मी फुंकून फुगवलीय, पंडितीणबाई," तो म्हणायचा, "जपून ठेव, पातळ आहे." कोशातल्या खणाची मूठ तुटली असं ती बोलता बोलता म्हणाली, तर पुढच्या रविवारी त्याने ही हिरवी मूठ खिशातून काढून दिली. तिने ती बसवली. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "घरच्या वस्तू येऊ लागल्या का कार्यालयात?" ते वाक्य तिला पुष्कळ दिवस टोचत राहिलं.

कारखान्यामागे कामगारांच्या घरांच्या दोन रांगा होत्या, चव्वेचाळीस घरं. सगळे तिला लाईन म्हणत. काचेची भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत, कारण थंड होताना आतल्या काच वितळवायच्या मुशी तडकतात. एका मंगळवारी भट्टीत कोळसा टाकणं थांबलं, आणि नोटीस लागायच्या आधीच लाईनीला कळलं की संपलं. नोटीस गुरुवारी लागली. घरं कारखान्याची, नऊ दिवसांत रिकामी करा. चव्वेचाळीस घरं एकाच गावी गेली असती तर त्याला कोणी स्थलांतर तरी म्हटलं असतं. पण इथे एका कारखान्याने दोन फुंकणारे घेतले, दुसऱ्याने एक खोकी बांधणारा, कोणी मेव्हण्याच्या दुकानात गेला, कोणी कुठे. गरम नळीवरून काच खाली पडून फुटली की भट्टीवरचे जुने मिस्त्री म्हणायचे, "झाली परागंदा!" आणि सगळे झाडू घ्यायला धावायचे. तो शब्द दादाने तिथून उचललेला.

निघायचा दिवस शनिवार. "ट्रक चारला येणार," दादाने सांगितलं होतं, "तू तीनपर्यंत ये, वहिनीला जरा धीर येईल." त्या शनिवारी पहिल्या आवृत्तीचा एक फर्मा जायचा होता. मास्तर म्हणाले, दुपारी मोकळ्या व्हा. ती दोनला निघाली आणि तीनच्या ठोक्याला लाईनीत पोचली. ट्रक एकलाच येऊन गेल्याचं फाटकावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं. शेजारच्या घराचं सामानही त्यातच चढवायचं ठरलं, म्हणून लवकर. खोली झाडून काढलेली होती. आरसा होता तिथे भिंतीवर एक उजळ चौकोन. आपण आलो होतो हे दादाला सांगायला कोणीच नव्हतं, कारण शेजारीही त्याच ट्रकमध्ये होते.

तीन आठवड्यांनी कार्यालयाच्या टपालात ती चिठ्ठी आली. अक्षर तिने लांबूनच ओळखलं. रविवारी जेवताना ती दादाला चिठ्ठ्या कशा लिहायच्या ते सांगायची, वर डावीकडे शब्द, खाली अर्थ. त्याने अगदी तसंच लिहिलं होतं. कशी आहेस नाही, आम्ही बरे आहोत नाही, खाली नुसता एका बाटली कारखान्याचा पत्ता. तिला वाटलं हा राग आहे. आपण निरोप द्यायला आलोच नाही असं धरून याने टपालाने टोमणा पाठवलाय, तोही मास्तरांसमोर उघडला जाईल असा.

मास्तर समोरच्या टेबलावर होते. भावाचं म्हणून वेगळा न्याय लावला असं कोणी म्हणायला नको. तिने लाल पेन उचललं, 'वगळावा' लिहिलं, छापील उत्तराच्या पाकिटावर भावाचा पत्ता घातला आणि बाकीच्या चाळीस पाकिटांबरोबर टाकून दिलं. छापील उत्तरावर खाजगी मजकूर लिहायचा नाही, हाही नियमच होता. संध्याकाळी घरी जाऊन वेगळं पत्र लिहायचं असं तिने ठरवलं होतं.

संध्याकाळी तिने 'प्रिय दादा' लिहिलं. पुढे तीन वाजल्याचं कसं सांगायचं ते सुचेना. सबब सांगतेय असं वाटलं असतं. उद्या लिहू म्हणून कागद घडी करून ठेवला. तो उद्या आठ महिने चालला. शेवटी पत्र गेलं ते 'या पत्त्यावर नाही' असा शिक्का घेऊन परत आलं. तोवर तिचीही खोली बदलली होती. मग आणखी एकदा बदलली. पहिली आवृत्ती छापून झाली, वाचनालयांत गेली, आणि प्रत्येक वाचनालयात परागंदा म्हणजे फरारी झाला.

*

लाईनीतला एकच माणूस या शहरात राहिला होता. तो कारखान्यात भिंगं घासायचा; नंतर त्याने चष्म्यांचं दुकान टाकलं. दुकान कोशापासून दोन गल्ल्यांवर, पण बाईंनी आजवर चष्मे दुसरीकडेच करून घेतले होते. सोमवारी दुपारी त्या त्याची पायरी चढल्या.

चष्मेवाल्याने फडक्याने भिंग पुसता पुसता वर पाहिलं. "या, पंडितीणबाई. नंबर वाढला वाटतं?"

हे नाव इतक्या वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं. "नाही. दादाचा पत्ता हवा होता."

"तुमच्याकडे नाही?"

"नाही."

"भाऊ तुमचा आणि पत्ता माझ्याकडे. बरं आहे." त्याने भिंग उजेडात धरलं, पुन्हा पुसलं, ते आधीच स्वच्छ होतं. मग गल्ल्याखालून एक डायरी काढली. पानांवर घरांचे क्रमांक होते, एक ते चव्वेचाळीस, आणि त्यांच्यापुढे गावं, खोडलेली, पुन्हा लिहिलेली. "सतरा गावं झाली. कोणी गेलं की ज्याच्या-त्याच्याकडून कळतं. मी आपला लिहून ठेवतो. दुसरं कोण ठेवणार?"

एकोणिसाव्या, म्हणजे दादाच्या, घराच्या ओळीवर त्याने अंगठा ठेवला, जरासा आडवा. "वहिनींचा नंबर देतो. त्यांच्याशी बोला."

बाईंनी आकडे लिहून घेतले, आभार मानले. वहिनींचा म्हणाला, दादाचा नाही, हे त्यांना पायरी उतरल्यावर उमगलं. रस्त्यावर त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. सायकलवाला घंटी वाजवून वैतागला आणि वळसा घालून गेला.

*

फोन त्यांनी कार्यालयातूनच केला. घरून केला असता तर पुन्हा उद्यावर गेला असता.

"कोण?"

"वहिनी, मी बोलतेय."

पलीकडे भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. "वन्सं? अगंबाई. एकतीस वर्षांनी रस्ता सापडला का?"

"सापडला."

"दारात कोणी नाही आता तुमची वाट बघणारं. चार वर्षं झाली त्यांना. छाती. फुंकणाऱ्या माणसाची छाती, शेवटी दिवा विझवायलाही दम पुरेना. तुमच्या जुन्या खोलीवर पत्र टाकलं होतं, परत आलं."

बाईंनी टेबलाची कड धरली. कानामात्रा उठून बाहेर गेला आणि जाताना दार ओढून घेतलं.

"वहिनी, त्याने मला एक चिठ्ठी पाठवली होती. गेल्या गेल्या. एक शब्द होता त्यात."

"ठाऊक आहे की. माझ्यासमोर बसून लिहिली. मी म्हटलं, अहो, सरळ दोन ओळी खुशालीच्या लिहा बहिणीला. तर म्हणाले, खुशालीचं पत्र ती घरी नेऊन बाजूला ठेवील, ही चिठ्ठी मात्र तिला वाचावीच लागेल, कामच आहे तिचं."

बाईंनी टेबलावरची चिठ्ठी जवळ ओढली.

"मग तुमचं ते छापील आलं. तीन ओळींचं."

"मला वाटलं तो रागावलाय."

"रागावले होते. चार दिवस. निरोप द्यायला आला नाहीत म्हणून."

"मी आले होते, वहिनी. तीनला."

पलीकडे भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग वहिनी म्हणाल्या, "ट्रक एकला आला."

"हो. कळलं मला."

"मी म्हटलंही होतं त्यांना, थांबू या का. ड्रायव्हर थांबेना." वहिनींनी नाक ओढलं. "पण ते छापील आल्यावर राग गेला हो त्यांचा. म्हणाले, बघ, पंडितीणबाईने काम लावलंय मला. तीन हवेत म्हणते. दर रविवारी वाचनालय. तिथला माणूस म्हणायचा, हा फुंक्या इथे वर्तमानपत्राला हवा भरायला येतो. चौथ्या वर्षी पहिला सापडला, त्या दिवशी घरभर शीळ घालत हिंडले. दुसरा कधीतरी अकराव्या की बाराव्या वर्षी. तिसरा काही मिळेना. मी म्हणायची, राहू द्या तो तिसरा, दोनांवर लिहा. तर म्हणायचे, रिकाम्या हाताने कसा लिहू? तीन झाले की लिहितो."

खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि दुसरा कोणी "येऊ दे, येऊ दे" म्हणून ओरडत होता. बाईंना ते फार मोठ्याने ऐकू आलं.

"ते कागद आहेत अजून?"

"पत्र्याच्या डब्यात आहेत."

मग बाईंनी कामाचं सांगितलं. नियम बदललाय, दादाचं वाक्य आता कोशात घालता येईल, घरच्या माणसाची सही लागेल, शुक्रवारी फर्मा जातो. सांगताना आवाज कार्यालयातला झाला, तो त्यांनाच ऐकवेना, पण दुसरा आवाज सापडत नव्हता.

"सही?" वहिनी म्हणाल्या. "वन्सं, एक सांगू? तुमचं ते जाड पुस्तक त्यांनी मला वाचनालयात उघडून दाखवलं होतं. बघ म्हणे, हिने आपल्याला फरारी लिहिलंय. ते हसत होते. मी नाही हसले. आम्ही काय कोणाचं घेऊन पळालो होतो? झाडून खोली दिली, किल्ली दिली, मग निघालो. त्या पुस्तकात त्यांचं वाक्य नको. आधी ते फरारी काढा, छापून दाखवा, मग सही करीन."

"सहीशिवाय छापता येत नाही."

"मग नका छापू," वहिनी म्हणाल्या. थोड्या वेळाने जरा मऊ होऊन म्हणाल्या, "कागद पाठवते. ते तुमचेच आहेत." बाईंनी पत्ता लिहून घेतला, आणि तरीही त्याच संध्याकाळी दोन ओळींच्या पत्रासोबत संमतीचा नमुना जलद टपालाने पाठवला.

*

पाकीट गुरुवारी आलं. बाईंनी ते कात्रीने, कडेने, सरळ उघडलं. आत दोन कात्रणं होती, बाईंनी पत्रासोबत पाठवलेला संमतीचा नमुना सहीविना परत आला होता, आणि घडी पडून पडून कापडासारखा झालेला एक कागद होता. तेच छापील उत्तर. 'छापील आधार अपुरे आहेत.' खाली एकच्या ओळीत दादाच्या अक्षरात वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान. दोनच्या ओळीत 'रविवारची पुरवणी, हिवाळा'. तीनची ओळ कोरी.

कानामात्राने कात्रणं उजेडात धरली. "पहिलं झकास. 'पुराच्या पाण्याने बाजारपेठ परागंदा झाली.' बाजारपेठ काही पळून जात नाही. विखुरल्याचाच अर्थ, नाव-तारीख समासासकट. पक्का आधार." दुसरं त्याने उलटसुलट केलं. "'मेळावा आटोपला आणि मंडळी दिशादिशांना परागंदा झाली.' वाक्य उत्तम. पण बाई, हे फार नीट कापलंय हो. अगदी अक्षरांना धरून. नाव, तारीख सगळं समासाबरोबर गेलं."

बाईंनी ते हातात घेतलं. चारही कडा सरळ, कोपरे काटकोनात. काच कापणाऱ्यांच्यात राहिलेला हात. आडवंतिडवं फाडलं असतं तर तारीख राहिली असती.

"म्हणजे एक पक्का," कानामात्रा बोटांवर मोजू लागला, "एक लंगडा, आणि बोलीचा एक, तोही बिनसहीचा. सगळं मिळून दीड म्हणा. ओढूनताणून दोन." त्याने बाईंकडे पाहिलं. "तुमच्याकडे दुसऱ्या कोणाचं असं आलं असतं तर काय केलं असतंत?"

"वगळलं असतं."

"मग?"

बाई उठल्या आणि काचेच्या मुठीचा खण ओढून त्यांनी सोमवारी तिथे ठेवलेली मूळ चिठ्ठी काढली. एकतीस वर्षांपूर्वीचा 'वगळावा' अजून ठळक होता. लाल शाई चांगल्या प्रतीची होती. त्यांनी त्यावर एक आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'घ्यावा'. तसंच लाल पेन, तेवढाच वेळ. मग खाली सही आणि तारीख. असं करता येतं, इतक्या थोडक्यात करता येतं, हेच त्यांच्याने पाहवत नव्हतं.

"समितीने विचारलं तर?" कानामात्रा म्हणाला.

"माझं नाव सांगा. खाली सही आहे."

संध्याकाळपर्यंत नोंद जुळवून झाली. 'परागंदा: (फारसी, मूळ अर्थ विखुरलेला). १. चौफेर विखुरलेला, पांगलेला. "नऊ दिवसांत सगळी लाईन परागंदा झाली, कोण कुठे पडला कोणालाच ठाऊक नाही." (बोली; काच फुंकणारा.) २. मुलूख सोडून गेलेला. ३. जुन्या सरकारी कागदांत: फरारी.' कानामात्राने ती दोनदा वाचली, एक अनुस्वार दुरुस्त केला आणि म्हणाला, "तिसरा अर्थ काढून टाकायचा का? वहिनी तसं म्हणाल्या असं तुम्हीच सांगितलंत ना."

"तो काढता येणार नाही. लिहिणाऱ्यांनी तसं लिहिलंय. पण कोणी लिहिलंय ते आता दिसतंय."

वहिनींना हे पटेल की नाही, बाईंना ठाऊक नव्हतं. पहिल्या आवृत्तीच्या प्रती शहरोशहरीच्या वाचनालयांत तशाच राहणार होत्या, त्यांतल्या एकीत दादाच्या बोटाचा डागही असेल, आणि त्या परत बोलावून घेण्याची कोणतीच रीत कोशाकडे नव्हती.

शुक्रवारी फर्मा गेला. त्याआधी बाईंनी त्या पानाची एक प्रत काढून घेतली. दादाचा घडी पडलेला कागद त्यांनी समोर ठेवला, आणि कानामात्राने विचारलं, "तिसऱ्या ओळीत नव्या आवृत्तीचं पान टाकू का? तीन पुरे होतील."

"नको," बाई म्हणाल्या. "ती ओळ त्याची आहे."

तो कागद त्यांनी मूळ चिठ्ठीला टाचून खणात ठेवला. मग छापील उत्तरांच्या गठ्ठ्यातलं एक कोरं उत्तर ओढलं, कारण हाताशी तेच होतं, आणि कदाचित तेच योग्यही होतं. 'छापील आधार अपुरे आहेत' या ओळीवर रेघ मारली. खाली, जिथे खाजगी मजकूर लिहायचा नसतो तिथे, त्यांनी लिहायला सुरुवात केली.

'वहिनी, सोबत पान आहे. फरारी पुरतं गेलेलं नाही, तळाला आहे, का ते भेटीत सांगेन. सही करायची की नाही ते पान पाहून ठरवा. नाही केलीत तरी वाक्य राहील, त्याचा बोल मी घेईन. दादाला सांगायचं राहून गेलं ते तुम्हाला लिहिते. दोन आधार पोचले. तिसरा, 'स्वतः' लिहिलेला, पहिल्यापासून माझ्याकडेच होता.'

पाकिटावर पत्ता घालून त्यांनी ते शिपायाकडे दिलं नाही. टपालपेटी कोपऱ्यावर होती. त्या स्वतः जाऊन टाकून आल्या, आणि ते आत पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबल्या.